ईस्टर्न गेलं, मशिनरी राहिली

ज्यांना इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे कसंय' आणि मधेच वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय थोडा घरचा आहे. मागे एकदोनदा उल्लेख केला होता, की बीटेकनंतर आम्ही वर्गातल्या बावीस जणांनी एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. ग्रुपचं नाव मीच ठेवलं होतं: कॉलेजचं छोटं नाव, पुढे 'कॉम्प', पुढे पास झाल्याचं वर्ष. नाव ठेवायला मला दहा सेकंद लागले असतील. पहिल्या नोकरीत सगळेच गोंधळलेले, म्हणून एकमेकांचे रेझ्युमे बघायचे, खोट्या मुलाखती घ्यायच्या, ऑफर लेटरमधला बाँड नीट वाचून द्यायचा, आणि कुणी बेंचवर असेल तर त्याचं महिन्याचं भाडं चार जणांनी मिळून भरायचं, असं सगळं चालायचं. मग कुणाचा चुलतभाऊ आला, कुणाची ऑफिसातली मैत्रीण आली, कुणाच्या टीममधला टेस्टर आला. आज आम्ही तीनशेच्या वर आहोत. त्यातले कॉलेजचे किती? ते बावीसच. खरं तर एकोणीस, तिघं बाहेर पडले.

गेल्या दिवाळीनंतर एक गोष्ट झाली. सातारच्या बाजूची एक मुलगी, बीसीए झालेली, पहिलीच नोकरी. तिचा प्रोबेशन वाढवला, मग परत वाढवला, आणि मग एका शुक्रवारी संध्याकाळी राजीनामा लिहून घेतला. आमच्यातल्या दोघांना अशा प्रकरणांत काय करायचं ते चांगलं माहीत आहे. वेळेत कळलं असतं तर निदान नोटीस पिरियडचे पैसे तरी मिळवून दिले असते. मी तिला फोन करून विचारलं, "अगं, ग्रुपवर तर होतीस, बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "दादा, तो तुमच्या कॉलेजचा ग्रुप आहे ना. मला वाटलं मी नुसती वाचायला आहे."

आठ महिने ती ग्रुपवर होती. आठ महिने रोज सकाळी तिला स्क्रीनवर वरच्या पट्टीत लिहिलेलं दिसत होतं की हे तुझं नाही. आणि ते मी लिहिलं होतं.

त्याच सुमाराला ग्रुपची रीतसर संस्था नोंदवायचं ठरलं. सीए काकांनी सांगितलं, सात जणांच्या सह्या लागतील, आणि नावाचे दोनतीन पर्याय द्या, आणि त्यात 'भारत', 'राष्ट्रीय' असलं काही घालू नका, अर्ज अडकतो. नावाचे पर्याय! तीनशे जणांत नाव ठरवणं म्हणजे काय ते लग्नाच्या पत्रिकेत कुणाचं नाव आधी घालायचं यावरून ज्यांच्या घरी भांडण झालंय त्यांनाच कळेल. म्हणून मी माझं नेहमीचं केलं. अडचण आली की मी इतिहासात जाऊन बसतो. आपल्या धंद्यात आधी ज्यांनी ज्यांनी अशा संघटना काढल्या, त्यांनी नावाचं काय केलं? जे सापडलं ते आज सांगतो.

सुरुवात सगळ्यात मोठ्या संघटनेपासून. एसीएम. कॉम्प्युटरवाल्यांना माहीत असेल, ट्युरिंग पुरस्कार देणारी ती हीच. पूर्ण नाव असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी. मशिनरी! कॉलेजात पहिल्यांदा हे नाव वाचलं तेव्हा मला डोळ्यासमोर भोसरी एमआयडीसीतलं लेथ मशीन आलं होतं.

पण १९४७ साली जा. जानेवारीत हार्वर्डला मोठ्या गणनयंत्रांवर एक परिषद भरली होती. तिथे एमआयटीच्या सॅम्युएल कॉल्डवेल यांनी विषय काढला, की या नव्या यंत्रांत रस असणाऱ्यांची एखादी संघटना हवी. विषय काढणारे पुष्कळ असतात, प्रत्येक मीटिंगमध्ये असतात. त्याचा पाठपुरावा करणारा एखादाच असतो. इथे तो एडमंड बर्कली होता. हा प्राध्यापक नव्हता. प्रुडेन्शियल या विमा कंपनीत काम करणारा माणूस. युद्धात नौदलात असताना हार्वर्डला हॉवर्ड एकेनच्या मार्क वन यंत्राच्या प्रयोगशाळेत त्याने काम केलं होतं, आणि तेव्हापासून या यंत्रांनी त्याला झपाटलं होतं. जूनमध्ये त्याने आणि बरोबरच्या काही जणांनी एक पत्रक काढलं, आणि १५ सप्टेंबर १९४७ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बैठक झाली. संस्थेचं नाव: ईस्टर्न असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी.

यातल्या प्रत्येक शब्दाला त्या दिवशी अर्थ होता. 'ईस्टर्न' कारण माणसं पूर्व किनाऱ्याची. यंत्रं हार्वर्डला, फिलाडेल्फियाला, मेरिलँडमधल्या अॅबर्डीनला. आणि 'मशिनरी' का? कारण 'कॉम्प्युटर' हा शब्द तेव्हा माणसासाठी होता. गणितं करणारी माणसं, त्यात बऱ्याच बायका, त्यांच्या नोकरीचं नावच कॉम्प्युटर. तुम्ही 'असोसिएशन ऑफ कॉम्प्युटर्स' म्हटलं असतं तर लोकांना ती गणना-कारकुनांची युनियन वाटली असती. आपण यंत्राबद्दल बोलतोय हे सांगायला 'मशिनरी' हा शब्द हवाच होता.

(इथे एक आडवळण. मराठीत आपण 'संगणक' म्हणतो. त्यातला 'गणक' हाही मुळात माणूसच. हिशेब करणारा, पंचांगाची गणितं करणारा. म्हणजे आपल्याकडेही माणसाचा शब्द यंत्राकडे गेला, फक्त आपण पुढे 'सं' लावून घेतलं.)

आता गंमत बघा. सप्टेंबरमध्ये संस्था निघाली आणि १९४८ च्या जानेवारीत 'ईस्टर्न' काढून टाकलं. चार महिने! रस घेणारे लोक पूर्वेच्या बाहेर निघाले, मग दिशा कशाला हवी. मला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर ते हे, की त्यांनी नवीन नाव शोधत बसण्याचा खटाटोप केला नाही. जो शब्द लोकांना दाराबाहेर ठेवत होता तेवढा खोडला. आमच्या भाषेत सांगायचं तर रीफॅक्टरिंग नाही, एक ओळ डिलीट.

'मशिनरी' मात्र राहिली. १९५० च्या दशकात कॉम्प्युटर हे यंत्राचंच नाव झालं, प्रोग्रॅमिंग हा वेगळा धंदा झाला, आणि १९६० च्या दशकात विद्यापीठांतून कॉम्प्युटर सायन्स नावाचे विभाग निघायला लागले. आता या लोकांना 'मशिनरी' टोचायला लागली. आम्ही अल्गोरिदमवाले, भाषांवाले, आणि आमच्या संस्थेच्या पाटीवर मशिनरी? नाव बदलायचा प्रस्ताव आला, नवीन नावात 'सायन्स' यावं अशी मंडळींची इच्छा, मतदानापर्यंत गोष्ट गेली. आणि नाव बदललं नाही. आजही अधिकृत नाव तेच आहे. फक्त ते कुणी उच्चारत नाही. एसीएम म्हणायचं आणि पुढे जायचं. तीन अक्षरांच्या मागे ती मशिनरी झाकून टाकली आहे, जसं एखाद्या काकांचं 'बंडू' हे नाव सातबाऱ्यावर सोडून कुठेच दिसत नाही.

तेव्हा आपल्याला काय म्हणायचं हाच मुळात सगळ्यांचा प्रश्न होता. एसीएमचं कम्युनिकेशन्स हे मासिक १९५८ साली सुरू झालं, आणि पहिल्याच वर्षी त्यात या व्यवसायाच्या माणसाला काय म्हणावं यावर एकाहून एक नावं आली. ट्युरिंगच्या नावावरून 'ट्युरिंजिनिअर', झालंच तर 'फ्लोचार्ट्समन'. माझ्या आयकार्डावर 'असोसिएट सॉफ्टवेअर इंजिनिअर टू' ऐवजी 'ट्युरिंजिनिअर' असतं तर आईने ते फ्रीजवर लावलं असतं. डेन्मार्कच्या पीटर नाऊर यांनी 'डेटालॉजी' सुचवलं, आणि हे एक नाव मात्र चक्क टिकलं. कोपनहेगन विद्यापीठातल्या विभागाच्या नावात ते आजही आहे.

पण खरं सांगू? आमच्या ग्रुपसाठी मला सगळ्यात जवळची वाटली ती एसीएम नाही. ती संघटना दुसरीच आहे, आणि तिचं नाव तुमच्यापैकी फार कमी जणांनी ऐकलं असेल.

एसीएममध्ये गणितज्ञ होते, प्राध्यापक होते. पण त्याच काळात अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या ऑफिसच्या तळघरात किंवा मागच्या खोलीत आणखी एक जमात काम करत होती. पंचकार्डवाले. पगारपत्रकं, विम्याचे हप्ते, मालाचा साठा, सगळं ऐंशी रकान्यांच्या कार्डांवर भोकं पाडून ठेवलेलं. ती कार्डं क्रमवार लावणारं यंत्र, बेरजा करून छापणारं टॅब्युलेटर, आणि ते कुठल्या रकान्याची बेरीज करणार हे ठरवायला एका फळीवर वायरी खोचायच्या. मी त्या फळीचे फोटो बघितलेत. दिवाळीच्या माळांचा गुंता परवडला. ते डोकं लावून करायचं काम होतं, प्रोग्रॅमिंगच होतं ते, पण त्यांना प्रोग्रॅमर कुणी म्हणत नव्हतं. हिशेबनीसांच्या दृष्टीने हे मशीनवाले. मशीनवाल्यांच्या दृष्टीने हे कारकून.

या लोकांनी शिकागोच्या आसपास एकत्र यायला सुरुवात केली आणि १९५१ च्या डिसेंबरमध्ये इलिनॉय राज्यात संस्था नोंदवली: नॅशनल मशीन अकाउंटंट्स असोसिएशन. मशीन अकाउंटंट. काय नाव आहे बघा. 'अकाउंटंट' या शब्दाला प्रतिष्ठा होती, तिला हात लावायचा होता. पण खरे अकाउंटंट तुम्हाला आपल्यातले म्हणणार नाहीत, म्हणून पुढे 'मशीन'. नावातच अर्धा दावा आणि अर्धी माघार. आपल्याकडे 'बीटेक समकक्ष' लिहितात ना कंसात, तसं काहीसं.

संस्था काय करायची? आम्ही करतो तेच. गावोगावच्या शाखा, महिन्याला जेवण, कुठल्या कंपनीने कुठलं यंत्र घेतलंय, वायरिंगची कुठली युक्ती चालते, कुठे जागा निघाली आहे. आणि मग इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर ऑफिसांत शिरायला लागले. आयबीएमने आपल्या यंत्रांना 'इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग' असं भारदस्त नाव दिलं होतं. या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला, की ही नवी खोली कुणाची? काचेच्या भिंतीमागच्या त्या यंत्राचा ताबा तळघरातल्या टॅब्युलेटरवाल्याकडे येणार, की विद्यापीठातून गणितं शिकून आलेला पोरगा त्याच्या डोक्यावर बसणार?

ही नोकरीची भीती होती. आज एआयबद्दल आमच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला जे मेसेज येतात, ते १९६० सालच्या पंचकार्ड सुपरवायझरला दाखवले तर त्याला भाषांतर लागणार नाही, म्हणजे मजकुराचं लागेल, भावनेचं नाही.

१९६२ साली त्यांनी नाव बदललं. डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन, डीपीएमए. मशीन गेलं, अकाउंटंट गेला. 'डेटा प्रोसेसिंग' आलं आणि त्याच्यापुढे 'मॅनेजमेंट'. हे नाव म्हणजे एक अर्ज होता. आम्ही यंत्र चालवणारे नाही, आम्ही विभाग चालवणारे. आणि नुसतं नाव बदलून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी 'सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग' या परीक्षेची पहिली फेरी घेतली. या क्षेत्रातल्या अगदी सुरुवातीच्या व्यावसायिक परीक्षांपैकी ती एक. म्हणजे पाटी बदलली तशी दुकानातला मालही बदलायचा प्रयत्न केला. याचं मला कौतुक वाटतं.

पण 'मॅनेजमेंट' या शब्दाची एक किंमत होती. संस्था मॅनेजरांची झाली. ज्या तळघरातल्या माणसासाठी ती निघाली होती, तो बढती घेऊन वर आला आणि दार ओढून घेतलं, असं म्हटलं तर थोडं कठोर होईल, पण थोडंच. हाताखाली माणसं नसलेल्या साध्या प्रोग्रॅमरने त्या पाटीखाली का जावं?

शब्दांचा आंधळेपणा किती असतो त्याचा एक नमुना याच संस्थेचा आहे. १९६९ साली डीपीएमएने एक नवा पुरस्कार सुरू केला. पहिलाच मान ग्रेस हॉपर यांना दिला. कंपायलरवर पायाभूत काम करणारी, कोबोलच्या मागे असणारी ग्रेस हॉपर. निवड शंभर टक्के बरोबर. पुरस्काराचं नाव: 'कॉम्प्युटर सायन्सेस मॅन ऑफ द इयर'. कुणीतरी ते नाव कागदावर लिहिलं असेल तेव्हा त्याच्या मनात वाईट काही नसणार. माझ्याही नव्हतं.

पुढे १९८० च्या दशकात 'डेटा प्रोसेसिंग' हा शब्दच म्हातारा झाला. कंपन्यांतल्या 'ईडीपी' विभागांच्या पाट्या उतरल्या, त्या जागी 'आयटी' आलं. आपल्याकडेही जुन्या बँकांत, सरकारी कार्यालयांत काम केलेली वडिलांच्या पिढीतली माणसं अजून 'ईडीपी सेक्शन' म्हणतात. १९९६ साली डीपीएमएने पुन्हा नाव बदललं: असोसिएशन ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी प्रोफेशनल्स. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत तिसरं नाव. आणि २०१७ मध्ये ही संस्था कॉम्पटिया या मोठ्या संघटनेत गेली.

हिशेब मांडला तर एक गोष्ट दिसते. पहिलं नाव अकरा वर्षं टिकलं, दुसरं चौतीस. पहिल्यात यंत्राचं नाव होतं, दुसऱ्यात कामाचं. यंत्र लवकर जुनं होतं, काम जरा उशिरा. पण जुनं दोन्ही होतं. माझा एक मित्र आमच्या नव्या नावात 'एआय' घालू या म्हणतो, त्याला मी हे गणित पाठवलं. त्याने अंगठा दाखवला. कुठल्या अर्थाने ते अजून कळलेलं नाही.

आता तिसरा प्रकार, जिथे नाव तुम्ही बदलत नाही, वकील बदलायला लावतो.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बेल लॅब्जमध्ये तयार झाली. बेल लॅब्ज एटी अँड टीची. विद्यापीठांना ती स्वस्तात मिळायची, पण कुठलीही मदत नाही, दुरुस्ती नाही. बिघडली तर तुमचं तुम्ही बघा. मग ज्यांच्याकडे ती होती ते एकमेकांनाच विचारायला लागले. मे १९७४ मध्ये पहिली बैठक झाली, तीही कोलंबिया विद्यापीठातच, फक्त यावेळी त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. १९७५ मध्ये मेल फेरेंट्झ यांनी 'युनिक्स न्यूज' नावाचं पत्रक सुरू केलं. मदत मिळत नाही म्हणून निघालेली मदत संघटना. आमचीच आत्याबाई.

१९७७ मध्ये कंपनीकडून सांगणं आलं, की युनिक्स हे आमचं नाव, परवानगीशिवाय वापरायचं नाही. झालं. संघटनेचं नाव पडलं 'यूजनिक्स'. यूजर आणि युनिक्स यांची सरमिसळ, चिमटा काढल्यासारखी. मुळात 'युनिक्स' हीच 'मल्टिक्स' या आधीच्या प्रकल्पाच्या नावावरची कोटी, त्यामुळे कोटीवर कोटी. आणि पत्रकाचं नाव केलं 'लॉगिन', पण आधी अर्धविराम आणि नंतर अपूर्णविराम लावून. तो अर्धविराम का? त्या काळच्या टेलिटाइप मॉडेल ३७ टर्मिनलला एक सांकेतिक अक्षरमाळ पाठवायची, तिच्यात एस्केपनंतर अर्धविराम यायचा. दुसऱ्या कुठल्या टर्मिनलवर गेलात की लॉगिन या शब्दाआधी तो अर्धविराम उगाचच छापलेला दिसायचा. युनिक्स वापरलेल्या प्रत्येकाने तो पाहिला होता, बाहेरच्या कुणालाही त्यात काही कळलं नसतं, आणि त्यावर कुठल्याही वकिलाला हक्क सांगता आला नसता. हे नाव ज्याने कुणी सुचवलं असेल त्याला माझ्यातर्फे एक कटिंग.

पण थांबा. ते नाव सुंदर आहे ते आतल्यांसाठी. बाहेरच्या माणसाला त्यात काहीच लागत नाही. त्या सातारच्या मुलीला तो अर्धविराम 'ये' म्हणाला असता की 'तुला कळणार नाही' म्हणाला असता? मला वाटतं, दुसरं. आमच्याही ग्रुपवर कुणीतरी 'सेगफॉल्ट' असं नाव सुचवलंय. एकोणीस जण खिदळले. बाकीच्यांत टेस्टर आहेत, सपोर्टला रात्रपाळी करणारे आहेत, डेटा एंट्रीतून आलेले आहेत.

तशी सगळीच आतल्या विनोदाची नावं वाईट नसतात. १९८७ साली टेक्सासमध्ये ऑस्टिनला ऑपरेटिंग सिस्टीमवरची एक परिषद होती. अनिता बोर्ग तिथे होत्या. एवढ्या मोठ्या परिषदेत बायका किती कमी आहेत हे त्यांना आणि आणखी काही जणींना जाणवलं ते स्वच्छतागृहात भेट झाली तेव्हा. तिथून जेवायला एकत्र बसायचं ठरलं, आणि त्यातून एक ईमेल यादी निघाली: 'सिस्टर्स'. स्पेलिंग 'सिस्टीम्स'मधल्यासारखं. बहिणी, आणि सिस्टीमवाल्या. उच्चार केला तर कुणालाही कळेल, लिहून बघितलं तर आतल्यांना हसू येईल. पुढे १९९७ साली त्यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर विमेन अँड टेक्नॉलॉजी' काढली. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा संस्थेने त्यांचं नाव आपल्या नावात घेतलं, आणि २०१७ मध्ये ते आटोपशीर करून 'अनिताबी डॉट ऑर्ग' केलं. विषयाचं नाव गेलं आणि माणसाचं राहिलं. याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. कृतज्ञता म्हणून छान आहे. पण पन्नास वर्षांनी येणाऱ्या मुलीला आधी अनिता कोण हे विचारावं लागेल. कदाचित तिने ते विचारावं हाच उद्देश असेल.

आयट्रिपलईचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक धडा आमच्या सीए काकांच्या कामाचा आहे. १८८४ ची अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स, आणि १९१२ ची इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स. दुसरीत 'अमेरिकन' नाही बघा. तो विसरला नव्हता, मुद्दाम गाळला होता, बाहेरदेशच्या लोकांनी सभासद व्हावं म्हणून. १ जानेवारी १९६३ ला दोन्ही एक झाल्या तेव्हा नव्या नावात 'अमेरिकन' आलं नाही. आज पुण्यातल्या, नागपुरातल्या कॉलेजांत त्यांच्या विद्यार्थी शाखा आहेत आणि मुलांना ते परक्या देशाचं वाटत नाही. एक विशेषण १९१२ साली न लिहिल्याचा तो परिणाम. एकत्र येताना चिन्हाचाही तोडगा काढला: जुन्या संस्थेच्या चिन्हातला पतंगाचा आकार आणि धाकटीचे बाण. कुणीच पूर्ण हरलं नाही. आमच्या मेकॅनिकलवाल्यांसाठी असं काही करता येईल का बघतोय.

आणि आपल्याकडे? कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ साली निघाली. पहिले अध्यक्ष आर. नरसिंहन, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, जिथे टीआयएफआरॅक हे यंत्र १९६० मध्ये पूर्णपणे चालू झालं होतं. ते नावही आधी नव्हतं. यंत्र दोन वर्षं काम करत होतं, मग १९६२ साली नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. म्हणजे आधी बाळ दोन वर्षांचं झालं, मग बारसं. १९६५ मध्ये देशात कॉम्प्युटर हातावर मोजता यावेत इतके, तरीही नाव थेट 'कॉम्प्युटर सोसायटी'. तिकडे एसीएमवाले मशिनरी काढायची की नाही यावर भांडत होते तेव्हा इकडे लोकांनी मोकळेपणाने तो शब्द घेऊन टाकला. उशिरा येण्याचे असेही फायदे असतात.

बरं, आता आमचं काय झालं ते सांगतो.

मागच्या रविवारी कर्वेनगरात एकाच्या गच्चीवर मीटिंग ठेवली. छत्तीस जण आले, बाकी ऑनलाइन. फळ्यावर अकरा नावं होती. 'सोबत', 'खांदा', 'नोटीस पिरियड' (हे मला मनापासून आवडलं होतं), आणि ते 'सेगफॉल्ट'. दोन तास झाले. एक गट म्हणाला कॉलेजचं नाव काढलं तर आमची ओळख जाईल, आम्हीच तर हे उभं केलं. मला त्यांचा राग नाही आला. तळघरात ज्यांनी रात्री जागवल्या त्यांना पाटी बदलताना थोडं दुखणारच. मीच त्यातला एक आहे. नाव मी ठेवलेलं.

मग मी त्या सातारच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. तिला आता दुसरी नोकरी लागली आहे, हिंजवडीत. तिला फळा दाखवला आणि विचारलं, यातलं कुठलं वाचून तू पहिल्याच दिवशी मेसेज टाकला असतास? तिने सगळी नावं वाचली. शांतपणे. आणि म्हणाली, "दादा, हे सगळं नंतर ठरवा ना. आधी ते कॉलेज आणि वर्ष काढा."

बर्कलीच्या मंडळींना चार महिने लागले होते. आम्हाला सात वर्षं लागली. मी तिथेच फोन काढला आणि खोडलं. बाकीच्या नावावर अजून मतदान चालू आहे, अर्ज पुढच्या महिन्यात जाईल. सध्या ग्रुपचं नाव नुसतं 'कॉम्प' एवढंच उरलंय. मेकॅनिकलवाले कुरकुरतायत.